गजभियेकाकांची जीभ

लग्न होऊन मी मुलुंडला आले, त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला एक ताकीद दिली. "वरचे गजभियेभाऊजी आले ना, तर चहा मी करीन. तू पुढे होऊ नकोस."

मला राग आला. माहेरी माझ्या चहाचं कौतुक होतं. आलेगेले "चहा हिनेच करायचा" म्हणायचे. त्यामुळे एके दिवशी सासूबाई भाजीला गेलेल्या असताना गजभियेकाका आले, तेव्हा मी मुद्दाम चहा टाकला. आलं किसलं, वेलची कुटली, दूध आटवलं, आणि नव्या सेटमधला कप त्यांच्यापुढे ठेवला.

काकांनी सदऱ्याच्या खिशातून एक चांदीचा चमचा काढला. चमचाभर चहा घेतला आणि असा काही सुर्रकन ओढला, की खिडकीतलं कबुतर उडून गेलं. मग त्यांनी तो घोट तोंडात तसाच धरला. गाल एकदा डावीकडे फुगला, एकदा उजवीकडे. त्यांनी इकडेतिकडे नजर फिरवली. ते थुंकायला जागा शोधताहेत हे मला पुष्कळ नंतर कळलं. जागा सापडली नाही, तेव्हा डोळे मिटून त्यांनी तो घोट गिळला आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, "दूध चांगलं आहे."

पुढची कित्येक वर्षं माझ्या चहाला त्यांच्याकडून यापलीकडे शेरा मिळाला नाही. कधी "कप छान आहे", तर कधी "गरम आहे". खोटं म्हणून बोलायचे नाहीत, आणि कुणाला दुखवायचंही नसायचं. या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या वाटेवर हा माणूस आयुष्यभर मजेत चालला.

काकांचा धंदाच चहा चाखण्याचा होता. फोर्टातल्या एका चहाच्या कंपनीत ते टी-टेस्टर होते. लांबलचक टेबलावर पांढऱ्या कपांची ओळ मांडलेली असायची आणि काकांनी प्रत्येक कपातला एक चमचा ओढायचा, तोंडात फिरवायचा, पिकदाणीत थुंकायचा आणि सांगायचं, की हा चहा कुठल्या बागेतला, कधी खुडलेला आणि वाटेत त्याचे काय हाल झाले. भंडाऱ्याहून ते मुंबईला आले होते टायपिस्ट म्हणून. एकदा ऑफिसातल्या चहाचा घोट घेऊन ते सहज म्हणाले, "आज पाणी नळाचं नाही, टाकीतलं आहे ना?" खरोखरच नळ गेला होता. शेजारी साहेब उभे होते. त्यांनी गंमत म्हणून काकांपुढे चार कप ठेवले, आणि त्यानंतर काकांना टाइपरायटरवर बसायला कुणी सांगितलं नाही.

या जिभेची ते तब्येत सांभाळत. तंबाखू नाही, पान नाही, दुपारपर्यंत कच्चा कांदा नाही. अंगाला अत्तर लावलेला माणूस भेटला की दोन पावलं मागे सरकून बोलायचे. आणि त्यांचं एक वाक्य आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या तोंडी होतं, "आधी थुंका, मग बोला." चाखणाऱ्याने घोट गिळला की त्याचं मत बिघडतं, असा त्यांच्या धंद्यातला नियम. पण काका तो सगळीकडे लावायचे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून सेक्रेटरी पेडणेकर लाल झाले की काका शांतपणे म्हणायचे, "पेडणेकर, आधी थुंका, मग बोला." एका नव्या भाडेकरूने तर एकदा खरंच उठून खिडकीतून थुंकून घेतलं. खालच्या पानवाल्याने केलेला आरडाओरडा मिटवायला काकाच गेले.

त्यांच्या नोकरीतली एकच गोष्ट ते स्वतःहून सांगायचे, तीही फार आग्रह केला तर. मालकांच्या मेहुण्याने पाठवलेला माल होता. बाकीच्यांनी मान डोलावली. काका म्हणाले, "याला साबण लागलाय." मालकांनी खोलीत बोलावून घेतलं, आधी गोडीत सांगितलं, मग आवाज चढवला. काका म्हणाले, "साहेब, जीभ माझी आहे आणि सही तुमची. तुम्ही खुशाल सही करा. मी जीभ खोटी करणार नाही." चहाची ती खोकी साबणाच्या पेट्यांबरोबर एकाच ट्रकमधून आली होती, हे पुढे उघड झालं. पण त्या वर्षी काकांची बढती राहिली ती राहिलीच. याबद्दल ते हळहळायचे नाहीत. "वास मात्र चांगल्या साबणाचा होता," असं म्हणून हसायचे.

आता झाडाकडे येते.

आमचं घर पहिल्या मजल्यावर. पुढे गॅरेजवरची मोकळी गच्ची आमच्याकडे होती आणि तिच्यावर निळ्या प्लास्टिकच्या अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये आईंचा पाईन होता. आई म्हणजे माझ्या सासूबाई, मालतीबाई. महिला मंडळाच्या पाचगणीच्या सहलीत त्यांनी ते वीतभर रोप घेतलं होतं. येताना एसटीत अर्ध्या वाटेपर्यंत ते आईंच्या मांडीवर होतं आणि अर्ध्या वाटेनंतर सुमनकाकूंच्या. सुमनकाकू म्हणजे गजभियेकाकांची बायको आणि आईंची मैत्रीण. खरा पाईन मुंबईच्या हवेत टिकत नाही, हा त्याचा लांबचा भाऊबंद अरोकेरिया आहे, असं काका सांगायचे. आई म्हणायच्या, "असेना का. माझ्यासाठी पाईनच."

आणि झाड होतंही तसंच. सरळ खोड, फांद्यांचे चहूबाजूंनी नीट मजले, शेंडा थेट गजभियांच्या खिडकीपर्यंत. डिसेंबरात मागच्या गल्लीतली माणसं मुद्दाम वाकडी वाट करून बघायला यायची. आईंनी आयुष्यात स्वतःच्या पसंतीने फार थोड्या गोष्टी घेतल्या होत्या. साड्या नणंदेच्या पसंतीच्या, घर माझ्या सासऱ्यांच्या, नवी काचेची शेगडी संदीपच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या. हे झाड मात्र त्यांचं.

दिवाळीला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना वरच्या खिडकीतून सुमनकाकू ओरडल्या, "काय देखणं झाड झालंय गं मालती!" सगळ्यांनी माना वर केल्या, आई फुलून गेल्या. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत खालच्या फांद्यांची टोकं तपकिरी व्हायला लागली.

आधी टोकं, मग आख्ख्या फांद्या. हात लावला की सुया झडायच्या. संदीपने खताची पुडी आणून घातली. मी म्हटलं, एसीच्या गरम हवेने होतंय, आणि आमचा एसी बंद ठेवला. पेडणेकर खाली उभे राहून म्हणाले, "गे वहिनी, ह्या तर करपलाच!" आणि पावसाळ्याआधी वाळकं झाड गच्चीवरून काढून टाकावं लागेल, वाऱ्याने रस्त्यावर पडलं तर जबाबदारी कोणाची, असं तोंडी बजावून गेले. आई कुणाशी वाद घालत बसल्या नाहीत. त्यांचं निदान पक्कं होतं. जिन्यात फुलवालीशी बोलताना त्या म्हणाल्या, "वरून चोवीस तास कुणी बघत असल्यावर झाड करपणार नाही तर काय?"

सुमनकाकू तेव्हा जिना उतरत होत्या. त्यांनी ऐकलं, त्या दोन पायऱ्या खाली आल्या, आणि परत वर गेल्या.

होळीला आमची पुरणपोळी वर गेली नाही. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. काकूंनी आपली खिडकी लावून घेतली, भर उन्हाळ्यातही. आणि एक वाईट गोष्ट झाली, तिची आठवण मला अजून नकोशी वाटते. काकूंनी कशालाच चांगलं म्हणायचं सोडून दिलं. तिसऱ्या मजल्यावर बाळ झालं. काकू झबलं घेऊन गेल्या, ते बाळाच्या आईच्या हातात दिलं आणि पाळण्याकडे न बघताच परत आल्या. मला जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "काऊन बघू बाप्पा? माझी नजर वाईट आहे ना." एवढी बोलकी बाई, चपातीपासून चंद्रापर्यंत सगळ्याचं तोंडभरून कौतुक करणारी, आणि ती मान खाली घालून चालायला लागली.

बुद्धपौर्णिमेला गजभियांकडची खीर दरवर्षी आमच्याकडे यायची. त्या वर्षी येईल असं मला वाटलं नव्हतं. पण सकाळी बेल वाजली आणि दारात काका उभे. एका हातात खिरीचं पातेलं, दुसऱ्या हातात पांढऱ्या कपांची पिशवी.

आईंनी पातेलं घेतलं, झाकण न काढता टेबलावर ठेवलं.

"राहू दे वहिनी," काका म्हणाले. "खीर नंतर खा. मी झाड बघायला आलोय."

"झाडाचं काय बघायचं आता भाऊजी?"

"माझ्या बायकोवर आरोप आहे. तपास मी करणार."

हे ते इतक्या साधेपणाने म्हणाले की आईंना दार अडवता येईना. काका थेट गच्चीत गेले. मी त्यांच्या मागे गेले, आई खुर्चीत बसून राहिल्या.

काकांनी आधी झाडाला एक फेरी घातली. मग अगदी वाळलेल्या वाटणाऱ्या एका फांदीवर नखाने ओरखडा काढला. आत तपकिरी. तिच्या वरची फांदी खरवडली, तीही तपकिरी. आणखी वरची खरवडली, तर आत हिरवा रंग, ओलसर. "हाव," ते स्वतःशीच म्हणाले, "जिवंत आहे." शेंडा त्यांनी मागे वाकून, मान तिरकी करून बघितला. मग ड्रमखाली साचलेलं पाणी चमच्यात घेतलं, आणि मी "अहो काका!" म्हणेपर्यंत सुर्रकन ओढलं.

घोट डावीकडे गेला, उजवीकडे गेला. या वेळी थुंकायला जागा होती. त्यांनी मोरीत थुंकलं, रुमालाने तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाले, "खारट."

मग ते ड्रमपाशी उकिडवे बसले. मातीवर पांढुरकी पपडी धरली होती. तिच्या कडेला, ड्रमच्या काठाशी, बारीक हिरवी रोपटी उगवली होती. दोन-दोन गोल पानांची. मी ती गवत समजत होते. काकांनी एक उपटलं, तोंडात टाकलं, चावलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मोहरी," ते हळू आवाजात म्हणाले.

खारट पाणी आणि मोहरीची रोपं. मीठ-मोहरी. मला एकदम सगळं दिसलं. त्या दिवाळीपासून दर शनिवारी संध्याकाळी आई मूठ मिटून गच्चीत जायच्या आणि झाडाभोवती हात ओवाळायच्या. मला वाटायचं, नमस्कार करताहेत. झाडाला दृष्ट लागली म्हणून आई त्याची दृष्ट काढत होत्या, आणि ओवाळलेलं मूठभर मीठ त्याच्याच मातीत टाकत होत्या. झाड आणखी करपलं की दृष्ट जास्त लागली म्हणून मूठ आणखी मोठी.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी बोट ओठांवर ठेवलं. मग त्यांनी ती मोहरीची रोपटी एकेक करून सगळी उपटली आणि खाऊन टाकली. तिखट लागून डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी खात राहिले. पुरावाच पोटात घालणारा तपासनीस मी पहिल्यांदाच बघत होते. गच्चीत येणाऱ्या कुणाला ती दिसू नयेत आणि बिल्डिंगभर आईंचं हसं होऊ नये, एवढ्यासाठी.

आत येऊन ते आईंच्या समोर बसले. मी स्वयंपाकघरात शिरले, पण कान बाहेर होते.

"वहिनी, दृष्ट काढता ना झाडाची?"

टेबलावरचं पातेलं सरकवल्याचा आवाज आला.

"काढा. पण आमची आई काढायची तेव्हा ती चुलीत टाकायची. तडतडलं की म्हणायची, गेली. तुम्ही काढता, आणि ठेवता झाडाच्याच मुळाशी. मग ती जाणार कुठे? तिथेच बसलीय."

मग आईंचा आवाज आला, थोडा बसलेला. "चूल कुठाय आता? संदीपने हौसेने काचेची शेगडी आणली. तिच्यावर मिरच्या-मीठ जाळलं तर बर्नर बुजतील. म्हणून मातीत टाकायचे. माती सगळं पोटात घेते म्हणतात."

"घेते ना. मीठही घेते."

आईंनी मान वर केली असावी. "मीठ?" त्या म्हणाल्या. आणि मग अगदी हळू, "अगं बाई. मीठ."

आईंनी विचारलं, "भाऊजी, तुमचा विश्वास आहे दृष्टीवर?"

"नाही ना, बिलकुल नाही. पण तुमचा आहे. मग नीट करा."

मी कपाळाला हात लावला. मी असते तर आईंना मीठ आणि मुळं यांच्यावर एक व्याख्यान दिलं असतं, आणि त्यांनी पुढच्या शनिवारी दुप्पट मीठ टाकलं असतं.

उपाय सोपा होता, पण भर मे महिन्यात अवघड. माती धुऊन काढायची. वरची पपडी खरवडून टाकायची, ड्रमची बुजलेली भोकं सळईने मोकळी करायची आणि वरून इतकं पाणी ओतायचं की मीठ विरघळून खालून निघून जाईल. पण सोसायटीला पाणी यायचं तासभर, आणि झाडाला पिंपभर पाणी म्हटल्यावर पेडणेकर सरळ आडवे आले असते. काका जिन्यातून खाली-वर गेले आणि प्रत्येक घराला एकच गोष्ट मागितली. एसीच्या नळीतून टपकतं ते पाणी. कुणाच्याच उपयोगाचं नाही, आणि त्यात मीठ म्हणून नसतं. मे महिना, घरोघर एसी चालू. रविवारी सकाळी आमच्या दाराशी बादल्या, कॅन, तेलाचे डबे, एक बाळाचा टबसुद्धा. पेडणेकर स्वतः दोन बादल्या घेऊन आले आणि "बघूया तर काय करतात काका" असं म्हणत गच्चीतच थांबले. त्यांच्यामागून अर्धी बिल्डिंग.

काकांनी कठड्यावर पांढऱ्या कपांची ओळ मांडली. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी ते पुन्हा आपल्या टेबलापाशी उभे होते. पाठ ताठ झाली होती, चेहराच बदलला होता. बादली ओतायची, ड्रमखालून आलेलं पाणी कपात धरायचं, चमचा, सुर्र, डावा गाल, उजवा गाल, थू. लोक श्वास रोखून बघायचे. "समुद्र," काका म्हणाले पहिल्या कपाला. पुढच्या बादलीनंतर "खाडी". त्यानंतर "बोअरिंगचं पाणी". प्रत्येक शेऱ्याला गच्चीत टाळ्या पडायला लागल्या. उत्साहाच्या भरात पेडणेकरांनीही एक चमचा ओढला, नीट थुंकता आलं नाही, शर्टावर सांडलं.

शर्ट पुसता पुसता त्यांनी विचारलं, "पण काका, ह्या इतक्या मीठ झाडात इलां खयसून?"

आई दारात उभ्या होत्या. काकांनी चमचा पुसला, उगाचच पुन्हा पुसला, आणि म्हणाले, "नर्सरीतूनच माती खारी आली असेल."

कुणाला पटलं नाही. झाड घेऊन वीसेक वर्षं झाली होती. पण मला धक्का बसला तो वेगळाच. मालकापुढे वाकली नव्हती ती जीभ, बढती गेली तरी वाकली नव्हती, आणि आज ती भर गच्चीत, कपांच्या ओळीसमोर, खोटं बोलत होती. काका आमच्याकडे बघत नव्हते. त्यांचे कान लाल झाले होते.

ते आईंनाही दिसलं. त्या दारातून पुढे आल्या.

"भाऊजी, माझ्यासाठी जीभ खोटी करू नका," त्या म्हणाल्या. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा. "पेडणेकर, मीठ मी टाकलं. दृष्ट काढून टाकत होते, दर शनिवारी. झाड मी मारत होते आणि नाव घेत होते सुमनचं." आणि मग मान वर करून, त्या बंद खिडकीकडे बघून, पूर्ण ताकदीने, "सुमन! ऐकतेस ना? माझं चुकलं गं!"

खिडकी उघडली नाही. आई तशाच वर बघत उभ्या राहिल्या. पेडणेकरांना कुठे बघावं कळेना, ते आपल्या शर्टाकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं. माफी मागायला उशीर झाला.

तेवढ्यात आमच्याच दारातून सुमनकाकू गच्चीत आल्या. हातात पाण्याने काठोकाठ भरलेली कळशी होती. म्हणजे त्यांनीही एसीचं पाणी साठवलं होतं, कुणाला न सांगता. कळशी आईंच्या पायाशी ठेवून त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "विचारून घेते हं आधी. बघू का झाडाकडे?"

"बघ गं," आई रडतच हसल्या. "डोळे भरून बघ."

काकूंनी वरपासून खालपर्यंत बघितलं. "आत्ता काही बघण्यासारखं नाही राहिलं," त्या म्हणाल्या, आणि कळशी स्वतःच्या हाताने ओतली. काकांनी खालचं पाणी चमच्यात घेतलं. हा घोट त्यांनी बराच वेळ तोंडात फिरवला, आणि मग, सगळ्यांच्या देखत, गिळला. "गोड," ते म्हणाले.

पेडणेकर इतक्या जोरात ओरडले की रस्त्यावरचा रिक्षावाला थांबला. ती झाकलेली खीर पौर्णिमेच्याच दिवशी काका गेल्यावर आईंनी एकट्याने बसून संपवली होती. पातेलं द्यायचं राहिलं होतं. त्या रविवारी ते वर गेलं, पुरणपोळ्या भरून. होळी आमच्या बिल्डिंगमध्ये मे महिन्यात झाली.

वाळलेल्या फांद्या काही परत आल्या नाहीत. काकांनी आधीच सांगितलं होतं, गेलेली फांदी परत येत नाही, शेंड्यावर लक्ष ठेवा. पावसाळाभर आम्ही शेंड्यावर लक्ष ठेवलं. गणपतीच्या सुमारास तिथे पोपटी रंगाचा मऊ तारा फुटला, फांद्यांचा आख्खा नवा मजला. आई, काकू आणि काका त्याच्याकडे बघत गच्चीत उभे होते. मला वाटलं, काकू आता म्हणतील. त्या काही म्हणाल्या नाहीत. पुढच्या वर्षी आणखी एक मजला आला, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. काकू बाळांकडे बघायला लागल्या, साड्यांचं कौतुक करायला लागल्या, पण झाडाबद्दल चकार शब्द नाही. आई वाट बघायच्या आणि विचारायच्या नाहीत.

मग बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. आम्हाला भाड्याने मिळालं ते चौदाव्या मजल्यावर, जिथे गॅलरीच्या नावाने खिडकीची कड होती. गजभियांना मुलुंडमध्येच एका जुन्या बैठ्या घराचा तळमजला मिळाला, पुढे अंगण असलेला. झाड कुणाला द्यायचं यावर घरात चर्चा सुरू होण्याआधीच आई म्हणाल्या, "झाड सुमनकडे जाईल."

काका मागच्या पावसाळ्यात गेले. झाड त्या अंगणात आहे आणि आता कौलांच्या वर गेलंय. आई आठवड्यातून दोनदा तिकडे जातात. पण मला काका आठवतात ते सामान हलवायच्या त्या सकाळचे.

झाड दोरांनी गच्चीवरून खाली उतरवलं. पेडणेकर खाली दोन्ही हात वर करून "हळू रे! हळू!" करत नाचत होते. टेम्पोत ड्रम उभा करून बांधला. काकूंना ड्रायव्हरशेजारी बसवलं. पंचाहत्तरी उलटलेले काका कुणाचं न ऐकता मागे चढले आणि खोडाला हाताचा विळखा घालून उभे राहिले. "मी धरतो," म्हणाले. मी त्यांना चहाचा ग्लास नेऊन दिला, निघायच्या गडबडीत कसाबसा केलेला, आलं नाही की वेलची नाही.

तेवढ्यात आई मूठ मिटून पुढे आल्या. आधी झाडाभोवती ओवाळली, मग खिडकीतून हात घालून सुमनकाकूंच्या चेहऱ्याभोवती, आणि मूठ तशीच घट्ट मिटून मागे सरकल्या.

"जाळा हं वहिनी," टेम्पोतून काका म्हणाले. "नीट."

"जाळते. शेगडी गेली तर गेली." मग आई खिडकीपाशी गेल्या. "सुमन, म्हण आता."

"काय म्हणू?"

"तेच. त्या दिवाळीला म्हणालीस ते."

काकूंनी आईंकडे बघितलं. मग अर्धं अंग खिडकीबाहेर काढून, मागे वळून, झाडाकडे बघत त्या ओरडल्या, "काय देखणं झाड झालंय गं मालती!" आख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. समोरच्या बिल्डिंगमधली माणसं गॅलरीत आली. आई मिटलेल्या मुठीने डोळे पुसत होत्या, त्यामुळे थोडं मीठ त्यांच्या डोळ्यात गेलं, आणि त्या आणखी रडल्या.

टेम्पो निघाला. गेटमधून बाहेर पडताना वरच्या फांद्या कमानीला घासल्या आणि मोकळ्या झाल्या. मागे काका झाडाला धरून उभे, दुसऱ्या हातात ग्लास. वळणावर त्यांनी तो तोंडाला लावला. इंजिनाच्या आवाजावरही मला तो सुर्रकन ओढलेला घोट ऐकू आला. गाल डावीकडे गेला, उजवीकडे गेला. थुंकायला सगळा रस्ता मोकळा होता. काकांनी घोट गिळला, उरलेला चहा एका दमात संपवला, रिकामा ग्लास उंच धरला आणि ओरडले, "सूनबाई, चहा चांगला आहे!"

या माणसाने माझ्या माहितीत आयुष्यात एकदाच जीभ खोटी केली होती, ती त्या गच्चीत. ही दुसरी वेळ नव्हती, असं मी धरून चालते.